भेटीची परतफेड

१

आमच्या तोर्रेफ्रेद्दा गावात उन्हाळाभर दिवसा घराचं दार कुणी लावत नाही. दाराला मण्यांचा पडदा असतो, पडद्याबाहेर एक वेताची खुर्ची असते. येणारा पडद्यापाशी थांबतो आणि म्हणतो, "येऊ का आत?" आतून "या" असं येतं, मग तो मणी बाजूला सारून आत येतो. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. रिकाम्या घरात शिरतानासुद्धा आमच्या तोंडून ते निघतं. मी जन्मभर जमीन मोजणीचं काम केलं. घुबडांखेरीज कुणी नसलेल्या पडक्या गोठ्यांच्या उंबऱ्यावरही मी "येऊ का आत?" म्हटलेलं आहे. मी विचारत नाही, जीभ विचारते.

माझी बायको ओत्ताव्हिया "या" म्हणण्यात सगळ्या गावाच्या पुढे. न्हाणीघरातून म्हणायची, झोपेतून म्हणायची. एकदा केसांना साबण लावलेला असताना तिनं गॅसवाल्याला "या, बसा" म्हणून आत घेतलं आणि मग मला हाका मारत बसली. मी तिची चेष्टा करायचो, की एखाद्या दिवशी दारात यमदूत उभा राहिला तरी तू त्याला कॉफीत साखर किती म्हणून विचारशील. त्या वर्षी मात्र मी ही चेष्टा बंद केली. तिच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती, आणि सप्टेंबरात रोमला छाती उघडून ती बदलायची ठरली होती.

डॉक्टरांनी धीराच्या गोष्टी सांगितल्या. परतीच्या वाटेवर गाडीत ती म्हणाली, "अन्सेल्मो, त्याच्याआधी मला व्हेर्मिलींची बाग बघायचीय."

व्हेर्मिलींचा महाल गावाच्या डोक्यावर आहे. ओत्ताव्हिया लहानपणी त्याच्या भिंतीखालून शाळेत जायची, त्यामुळे झाडांचे शेंडे तिला पाठ होते, पण झाडं तिनं कधी बघितली नव्हती. पुढं मालकांनी बाग लोकांना खुली केली, परदेशातून माणसं बघायला येऊ लागली, आणि आम्ही आपले शेजारी असून आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. आता तिला चार पायऱ्या चढल्या की धाप लागत होती. मी म्हटलं, जाऊ, पण आधी मी एकटा जाऊन वाट बघून येतो. सावली कुठं आहे, चढ किती आहे, बसायला कुठं मिळेल, हे सगळं कागदावर काढतो. ती हसली आणि म्हणाली, "काढा, मोजणीसाहेब." गाव मला त्याच नावानं हाक मारतं.

खरं सांगायचं तर मी फार घाबरलो होतो. बागेचा नकाशा काढण्यात निदान हाताला काम होतं.

२

बागेच्या फाटकावर सेव्हेरिना नावाची बाई असते. तिकिटं तीच देते, कुलपं तीच लावते, आणि फाटकामागं स्वतःसाठी टोमॅटोही तीच लावते. तिनं मला फुकट आत सोडलं. जेवायची वेळ होत आली तेव्हा म्हणाली, "मी जाते घरी. बाहेरून कुलूप लावते, तुम्ही फिरा सावकाश. कुलूप काढायला येईन तेव्हा झोपलेले सापडू नका म्हणजे झालं."

आमच्याकडे जेवणानंतरच्या वेळेला मेली दुपार म्हणतात. खिडक्या मिटतात, गल्ल्या ओस पडतात. कुणी कुणाकडे जात नाही, कुणी कुणाला फोन करत नाही. अशा वेळी मी घराबाहेर असण्याची ही बहुधा पहिलीच खेप. झाडांतले किडे एका सुरात किरकिरत होते. लिंबाच्या मोठमोठ्या कुंड्या रांगेनं उन्हात उभ्या होत्या. मी सावलीच्या जागा टिपत, पायऱ्या टाळत, उताराच्या कडेकडेनं खाली गेलो.

तिथं लॉरेलच्या झाडांची भिंत होती. माणसापेक्षा उंच, कातरून सरळ केलेली, चारही बाजूंनी बंद, आणि एका अंगाला दाराएवढी फट. असल्या हिरव्या खोल्या जुन्या बागांत असतात. आत गारवा असणार हे बाहेरूनच कळत होतं. पायऱ्या नव्हत्या, चढ नव्हता. ओत्ताव्हियाला बसायला याहून चांगली जागा मिळाली नसती.

मी फटीत पाय ठेवला आणि सवयीनं म्हणालो, "येऊ का आत?"

"या ना," आतून आवाज आला.

चांगला, शालीन, मोठ्या घरातला आवाज होता. बाईचा की पुरुषाचा, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. कुणीतरी आधीच बसलंय असं समजून मी केसांवरून हात फिरवला आणि आत गेलो.

आत कुणी नव्हतं. अर्धगोल दगडी बाक, त्यासमोर कोरडं पडलेलं कुंड, कुंडावर दगडाचा एक मुखवटा, बस. मला वाटलं, पलीकडून कुणी बोललं असेल. मी बाकावर बसलो. दगड थंडगार होता. आणि पुढच्याच क्षणाला खालून, मागून, कुठून ते कळलं नाही, पाणी आलं. माझी विजार पार भिजली. मी ताडकन उठलो.

लॉरेलच्या मागून हसू आलं. ते खदाखदा नव्हतं. बरीच माणसं, तोंडाला रुमाल लावून, पाहुण्याची गंमत झाली म्हणून हसतात तसं होतं.

जुन्या काळी या बागांत अशी चेष्टा चालायची हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पाहुण्याला बसा म्हणायचं आणि लपवलेला नळ सोडायचा. अशा वेळी पाहुण्यानं रागवायचं नसतं, म्हणून मीही हसलो. हात वर करून "फसलो बुवा" असंही म्हणालो. हसू थांबलं. मी कुंपणाला वळसा घालून मागं गेलो. तिथं नुसता वाळका पाचोळा होता, आणि त्याच्यावर कुणी उभं राहिल्याची काही खूण नव्हती.

३

सेव्हेरिना आली तेव्हा मी तिला विचारलं की खालचे नळ कोण सोडतं. ती म्हणाली, "कुठले नळ? तिथले पाइप माझ्या सासऱ्याच्या वेळेलाच काढून विकले. मला टोमॅटोला पाणी मिळत नाही, मोजणीसाहेब, आणि तुम्हाला अंघोळ कोण घालतंय?" मग तिची नजर माझ्या विजारीकडे गेली आणि वयाच्या मानानं होतं असं काहीतरी तिला वाटलं असावं, कारण ती पटकन दुसरीकडे बघू लागली. मला फार लाज वाटली.

घरी ओत्ताव्हियानं पोट धरून हसून घेतलं. मी तिला म्हटलं, जमिनीखाली एखादा जुना झरा अडकून पडला असेल, दगडावर वजन पडलं की उसळत असेल. मोजणीच्या कामात असं पाणी मी पाहिलेलं आहे. हसण्याचं काय, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, कुणाचातरी टीव्ही चालू असेल. मेल्या दुपारी टीव्ही कोण लावतं, असं ती म्हणाली नाही, पण तसं तोंड मात्र केलं.

रात्री जेवणात तिनं भात भरलेले टोमॅटो केले होते. मी टेबलावर चौकटीचा कागद पसरून तिला वाट दाखवली. इथं गाडी लागेल, इथं खुर्ची, इथं लिंबं. ती बोट ठेवून विचारत होती, "आणि ही हिरवी खोली?" मी म्हटलं, तिथं ओल आहे, तुझ्या छातीला सोसायची नाही. ओल आहे हे तर खरंच होतं.

४

त्यानंतर लवकरच, एका मेल्या दुपारी, मी पलंगावर पडलो होतो. ओत्ताव्हिया माझ्याकडे पाठ करून झोपली होती. तिचा श्वास मोजायची मला खोडच लागली होती. बाहेर गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

मण्यांचा पडदा हलकेच वाजला.

"येऊ का आत?"

मला आवाज ओळखायला वेळ लागला नाही. शालीन, मोठ्या घरातला. माझ्या तोंडात "या" आलंच होतं, दातांपर्यंत आलं होतं. ते मी कसं गिळलं कुणास ठाऊक. पडदा पुन्हा वाजला, जरासा, कुणीतरी एका बोटानं मणी चाचपावेत तसा. मग काही नाही.

मी स्वतःला समजावलं, की दारावर एखादा विक्रेता आला असेल आणि झोपमोड नको म्हणून परत गेला असेल. उठून बाहेर गेलो. गल्ली उन्हानं पांढरी पडली होती. आमच्या वेताच्या खुर्चीची बैठक चिंब ओली होती, थेंब खाली गळत होते, आणि फरशीवर पडताच सुकत होते. खुर्चीला ओल्या लॉरेलचा वास येत होता.

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की आपण कुणाच्या तरी घरी जाऊन आलो. विचारून आत गेलो, बसलो, त्यांच्याबरोबर हसलो. आणि आमच्याकडे कुणाच्या घरी जाऊन आलं की त्यांना आपल्या घरी यायचा हक्क असतो. मी खुर्ची आत आणून पुसली आणि ओत्ताव्हियाला काही बोललो नाही.

५

पण "या" म्हणणारी ती होती. तिला थांबवणं भाग होतं. मी तिला म्हणालो, चोऱ्या वाढल्यात, आल्यागेल्याला लगेच या म्हणू नकोस, आधी नाव विचार. ती म्हणाली, "पाद्रीबाबा आले तर त्यांनाही नाव विचारू? काय, जा म्हणू लोकांना?" मी म्हटलं, निदान मेल्या दुपारी तरी गप्प राहा. ती म्हणाली, मेल्या दुपारी येतं कोण?

शेवटी मी जेवणानंतर दार लावायला लागलो. आमच्याकडे उन्हाळ्यात बंद दाराचा एकच अर्थ होतो, की घरात कुणीतरी गेलं. दुसऱ्याच दिवशी शेजारीण रश्शाचं भांडं घेऊन आली आणि ओत्ताव्हियाला उभी बघून तिच्या हातून ते सांडायचं राहिलं. ओत्ताव्हियानं दार सताड उघडलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा कडीला हात लावला नाही.

मी चोरून सेव्हेरिनाला फोन केला आणि सांगितलं की आमचं येणं रद्द. त्या संध्याकाळी ओत्ताव्हिया वाईनमध्ये पीच कापत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "सेव्हेरिनाशी बोलले मी. बुधवारी जायचंय आपल्याला, सकाळी."

मी म्हटलं, बाग सप्टेंबरानंतरही तिथंच असेल.

"बाग असेल," ती म्हणाली. "अन्सेल्मो, मी तुझ्याकडे आजवर काय मागितलं? घर तू बांधलंस तसं घेतलं. मूल झालं नाही तर तेही गप्प घेतलं. मला फक्त एकदा त्या झाडांखाली बसायचंय, माझी छाती उघडायच्या आधी. तू दारावरच्या माणसाला घाबरत नाहीयेस. मी जाईन म्हणून घाबरतोयस."

ते काही अंशी खरंही होतं. मी तिचा हात धरला आणि रडलो. तिनं मला रडू दिलं, मग पीचची एक फोड माझ्या तोंडात घातली. मी दोन अटी घातल्या. जेवणाच्या वेळेआधी परतायचं, आणि हिरव्या खोलीकडे फिरकायचं नाही. तिनं दोन्ही मान्य केल्या, जरा जास्तच पटकन.

६

बुधवारची सकाळ मी विसरणार नाही. तिनं निळा झगा घातला होता. लिंबाच्या कुंडीपाशी थांबून तिनं एक पान चुरगाळलं आणि माझ्या नाकाशी धरलं. ज्या झाडांचे शेंडे लहानपणापासून ओळखीचे होते त्यांच्या बुंध्यांवर ती हात ठेवत चालली होती. "तूच ना तो वाकडा?" असं एका सायप्रसला म्हणाली. धाप लागली नाही. सेव्हेरिनानं कॉफी करून आणली, आम्ही तिघं सावलीत बसलो, आणि मला वाटलं, सगळं ठीक होईल. ऑपरेशनही ठीक होईल.

निघायची वेळ झाली. चढ टाळावा म्हणून मी गाडी खालच्या फाटकाशी आणायची ठरवली. ओत्ताव्हियाला म्हटलं, या खुर्चीवरून उठू नकोस. गल्लीत कुणीतरी भाजीची गाडी आडवी लावून गेला होता. मी हॉर्न वाजवले, आरडाओरडा केला. तो माणूस तोंड पुसत आला तोवर उन्हं डोक्यावर येऊन कलली होती. गावातल्या खिडक्या मिटू लागल्या होत्या.

गाडी खालच्या फाटकाशी लावून मी धावत बागेत आलो. खुर्ची रिकामी होती. सेव्हेरिनाही दिसेना.

लॉरेलच्या भिंतीमागून हसू ऐकू आलं. तेच, रुमालातलं, बऱ्याच जणांचं. आणि त्यात एक हसू उघडं, मोकळं होतं. त्या हसण्याशी मी लग्न केलेलं आहे, ते मी कुठंही ओळखीन.

मी फटीपर्यंत गेलो. आत पाऊल टाकायचं तर जीभ विचारणार, आणि विचारलं तर पुन्हा "या ना" येणार. माझे पाय पुढं जाईनात. मी बाहेरूनच तिला नावानं हाका मारल्या. हसू थांबलं, कुणी ओ दिली नाही. लॉरेल खाली जरा विरळ होतं. मी वाकून बघितलं तर पलीकडे ओल्या कपड्यांच्या कडा दिसल्या, एकीला लागून एक, बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी मागं फिरलो आणि सेव्हेरिनाला हाका मारत वरच्या फाटकाकडे पळालो. तिथं कुणी नव्हतं. मग खाली, गाडीकडे.

ओत्ताव्हिया गाडीत मागच्या सीटवर बसली होती. निळा झगा कमरेखाली चिंब भिजलेला होता.

माझ्या जिवात जीव आला. मी तिला बोल बोल बोललो, शब्द दिला होतास म्हणालो, गारठा बसला तर काय म्हणालो. ती काही बोलली नाही, नुसती हसत होती. चेहरा पांढरा पडला होता. गोळ्या घरीच राहिल्या होत्या, ही चूक माझी. मी गाडी सुरू केली आणि वाटेत एकदाही मागं बघितलं नाही, रस्ता उताराचा होता म्हणून. पुढं बसायचं सोडून ती मागं का बसली, हे मला तेव्हा सुचलं नाही.

७

दारात गाडी उभी केली. "चल, मी गोळ्या काढतो," म्हणत मी मण्यांचा पडदा सारून आत पळालो. गोळ्या स्वयंपाकघरातल्या कपाटात होत्या, साखरेच्या डब्यामागं. मी दाराकडे पाठ करून ग्लासात पाणी ओतत होतो.

"येऊ का आत?" मागून ओत्ताव्हियाचा आवाज आला.

"या ना," मी म्हणालो.

मी विचार केला नव्हता. जिभेनं उत्तर दिलं. पाणी ग्लासाच्या काठापर्यंत आलं, मग ओट्यावर सांडायला लागलं, आणि मी बाटली सरळ करायची विसरून उभा राहिलो. जन्मभर हे दार तिनं कोपरानं ढकललंय, पिशव्यांनी ढकललंय, रागात लाथेनंही उघडलंय. स्वतःच्या घरात शिरताना ओत्ताव्हियानं कधी विचारलेलं नाही. कोण विचारतं?

मणी वाजले. एकदा वाजून थांबले नाहीत. एकामागून एक माणूस आत यावा तसे वाजत राहिले.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन खणाणला. मेल्या दुपारी आमच्या गावात फोन वाजत नाही. मी भिंतीच्या कडेकडेनं, त्या बाजूला न बघता, तिथवर गेलो आणि उचलला.

"मोजणीसाहेब, शुद्धीवर आहात ना?" सेव्हेरिना होती. "बायकोला इथं टाकून कुठं पळालात? फाटकाशी उभ्या आहेत, नखशिखांत भिजलेल्या. घ्या, बोला."

"अन्सेल्मो," ओत्ताव्हिया म्हणाली. तिला धाप लागली होती, पण ती होती, जिवंत, माझ्यावर चिडलेली. आनंदानं मला रडू यायला लागलं. "गेलास कुठं तू? रागावू नकोस, मी जरा डोकावायला गेले. विचारलं तर आतून या म्हणाले, मला वाटलं तूच लपलायस. तुझ्या हाकाही ऐकल्या, म्हटलं सतवावं थोडं. आता ये बघू लवकर, थंडी वाजतेय मला."

माझ्यामागं खुर्ची सरकली. कुणीतरी बसलं. मग दुसरी सरकली. आमच्या स्वयंपाकघरात एवढ्या खुर्च्या नाहीत.

"कोण आलंय रे आपल्याकडे?" ओत्ताव्हियानं विचारलं. "हसतंय कोण?"

मी म्हणालो, "ओत्ताव्हिया, नीट ऐक. घरी येऊ नकोस. सेव्हेरिनाच्या मुलाला सांग, तुला व्हितेर्बोला पाल्मिराकडे नेऊन सोडेल. गोळ्या मी पाठवतो. ऑपरेशनपर्यंत बहिणीकडेच राहा."

"का? कोण आहे?"

"पाहुणे आलेत."

तिनं तो बाक पाहिला होता, ते हसू ऐकलं होतं. पुढं तिनं काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "तू जेव वेळेवर," आणि फोन ठेवला.

आता करायचं काय, हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. मी कॉफीचं भांडं घेतलं, पाणी घातलं, कॉफी दाबून भरली, गॅस पेटवला. भांडं चकचकीत होतं, ओत्ताव्हिया ते रोज घासते. त्याच्या फुगीर अंगावर माझ्या मागचं स्वयंपाकघर वाकडंतिकडं दिसत होतं. टेबलाशी निळा झगा बसला होता. आणि त्याच्यामागं, ओळींनी, थेट दारापर्यंत, उभे होते. चेहरे मी बघितले नाहीत. डोळे मिटून घेतले.

"साखर किती घालू?" मी पाठमोऱ्यानंच विचारलं.

८

ऑपरेशन उत्तम झालं. मी रोमला जाऊन तिच्या उशाशी बसलो, तिचा हात धरला, नवी झडप टिकटिकते ती कान लावून ऐकली. व्हितेर्बोला पाल्मिराकडे राहायलाही गेलो होतो एकदा. रात्री जेवायला बसलो तर पाल्मिराच्या टेबलाशी एक खुर्ची जास्तीची मांडलेली होती, आणि तिची बैठक ओली होती. मी ताट तसंच ठेवून उठलो आणि शेवटच्या बसनं घरी परतलो. पाहुणे माझे आहेत, तर मी माझ्या घरी असायला हवं.

गावात म्हणतात, मोजणीसाहेबांचं आणि बाईंचं म्हातारपणी बिनसलं. म्हणू देत. घर आतून ओलसर राहतं, भिंतींना पोपडे आलेत, भरउन्हाळ्यात मला स्वेटर घालावा लागतो. इतकी वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, पण हे किती जण आहेत ते मी मोजत नाही; संध्याकाळी स्वयंपाकघरात दिवा लावताना नजर जमिनीवर ठेवतो. त्रास असा ते काही देत नाहीत. फार शालीन आहेत.

दर रविवारी जेवण झालं की ओत्ताव्हियाचा फोन येतो. मेल्या दुपारी फोन करू नये हे तिला कळतं, पण पाल्मिरा तेव्हाच झोपते, आणि तिला माझ्याशी निवांत बोलायचं असतं. आता ती जिने चढते, बाजाराला जाते. आवाजात दम आलाय. मी काय जेवलो, शर्ट कोण धुतं, असं सगळं विचारते. मग हळूच म्हणते, "गेले का रे पाहुणे?"

"अजून नाही."

"मग सांग ना त्यांना जायला. मला घरी यायचंय, अन्सेल्मो."

"आपल्याकडे तसं सांगतात का कुणी?"

यावर ती हसते, मोकळी, पूर्वीसारखी. आणि ती हसायची थांबली की क्षणभरानं माझ्या मागं, स्वयंपाकघरात, तिचंच हसू पुन्हा उमटतं. मी तिला सांगतो की आता ठेवतो, आणि फोन ठेवून कॉफी चढवायला जातो.